उलटी उजळणी

वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसातली लांब बाकं विकली गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, तरी दुपारी डोळा लागला की मी अजून तिथेच बसलेला असतो. यवतमाळच्या कोर्टासमोरची ती माडी, आम्ही चार ज्युनिअर आणि तुम्ही सकाळी वाटून दिलेली कामं. एकाने नकलांचे अर्ज करायचे, एकाने जुन्या निकालांच्या, म्हणजे नजिरांच्या पुस्तकांत चिठ्ठ्या घालायच्या, एकाने कोर्टात उभं राहून पुढची तारीख मागायची. साठ साल उजाडायचं होतं. मी सगळ्यांत नवा, म्हणून माझ्या वाट्याला कागद वाचून घटनांची तारीखवार यादी. तिच्यात मी एकदा ‘सांजावताना’ असं लिहिलं. तुम्ही ते खोडून ‘सहा वाजता’ केलंत. “कविराज, जजसाहेबाले घड्याळ लागते,” म्हणालात.

मग दिग्रसच्या एका जिनिंगात भरदुपारी कापसाच्या गंजीला आग लागली, आणि मालकाशी आदल्या दिवशी भांडलेला बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक गाडीवान धरला गेला. आगीच्या वेळी तो तांड्यावरच होता, शेजारच्या म्हाताऱ्यासोबत गाडीचं चाक बसवत. खरं होतं ते; पण सांगणारा म्हातारा एकटाच. गाडीवानाची बायको रोज आपल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. वर येत नसे, काही विचारत नसे. आम्ही तिला ओलांडून कामाला जायचो. तिच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

म्हाताऱ्याला तयार करायचं काम तुम्ही मला दिलंत. “शिकवू नको, नुसतं ऐक. आणि शेवटी उलटं विचार, संध्याकाळपासून सकाळकडं. पाह्यलेलं माणूस कुठूनही सांगू शकते.” तुमच्या ऑफिसचा तो नियमच होता. पण म्हाताऱ्याची घरची बोली बंजाऱ्यांची, गोर; मराठीत तो दर शब्दाला अडखळे. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर हुरूपही आला. त्याचीच हकीकत मी ठेक्यात बसवून दिली: ऊन माथ्यावर आलं, चाक गाडीचं उतरलं, घण होता माझा, हात होते त्याचे. तीन दिवसांत तो मान हलवत म्हणू लागला. “मले समदं पाठ झालं, वकीलबाबू. आता नातवालेबी शिकवतो.”

साक्षीचा दिवस. पंखा बंद आहे, खिडकीत एक कावळा नुसता बसून आहे. सरकारी वकील उठतात आणि आवाज न चढवता विचारतात, “आजोबा, चाक बसवल्यावर घण कुठं ठेवला?” म्हातारा माझ्याकडे बघतो. मग डोळे मिटून पहिल्यापासून सुरू करतो, ऊन माथ्यावर आलं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसतं. दुसरा प्रश्न येतो, पुन्हा ऊन माथ्यावर येतं. “छान म्हणता. कोणी शिकवलं?” म्हातारा आनंदाने माझ्याकडे बोट करतो. “या वकीलबाबूनं. लय चांगला शिकवते.”

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी ती साक्ष पढवलेली म्हणून बाजूला सारली. गाडीवान बायकोसमोरून व्हॅनमध्ये चढला. तिसऱ्या उन्हाळ्यात तुरुंगातच वारला. निकालाच्या संध्याकाळी ऑफिसात तुम्ही एवढंच विचारलंत, “उलटं विचारलं होतं तू?” मी म्हटलं, “हो, साहेब. सांगितलं त्याने.” “मग मीच त्याले उभं करायला नको होतं,” म्हणालात, आणि जिना उतरून त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिलात. मी वरून पाहत होतो. शेवटच्या दिवसापर्यंत ती चूक तुम्ही स्वतःचीच समजत होतात.

हे पत्र मी तुमच्या जुन्या नजिरांच्या पुस्तकात ठेवतो आहे. ते आता कुणी उघडत नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी मी उलटं विचारलं होतं, साहेब. एकच प्रश्न. म्हातारा गप्प झाला, घाबरला. दुसरा प्रश्न विचारला असता तर ओळी मोडाव्या लागल्या असत्या. त्या मोडायला माझा जीव झाला नाही. मी त्याला म्हटलं, चला, पुन्हा पहिल्यापासून म्हणा.