शफीकला दगडी आसनावर बसवल्याबद्दल

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय मित्र शफीक यास,

आप्पासाहेबाचा आधी सलाम, मग नमस्कार, आणि दोन्ही पोचले असतील तर गळाभेट. तुझी तब्येत कशी आहे ते अगोदर कळव. नेहमीसारखं ‘बरं आहे’ एवढ्यावर भागवू नको, सविस्तर लिही. गुडघे काय म्हणतात? खाली बसल्यावर उठता येतं ना? पाय जड पडणं, अंग दगडासारखं वाटणं असलं काही गेल्या गुरुवारपासून झालंय का? (का विचारतो ते पुढं येईल. घाबरू नको.) बिल्किसभाभींना आदाब, आमरीनच्या लेकरांना आशीर्वाद. इथं आवडाबाई ठणठणीत आहे. ती पाच दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, त्यालाही कारण तेच.

तर शफीक, आपला गेम संपला.

एवढं वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो आणि पुन्हा बसलो. चौदा वर्षांपूर्वी तू गुलमंडीतलं दुकान दुपारी बंद करून माझ्याकडं यायचास, आणि गोकुळनं पुण्याला नोकरीवर जाताना मागं ठेवलेल्या कॉम्प्युटरवर आपण तो राक्षस-तलवारींचा विलायती खेळ लावायचो. माउस तुझ्या हातात, डिक्शनरी माझ्या मांडीवर. तेव्हाच ठरलं होतं की शेवटचं दार दोघांनी मिळून उघडायचं, जो एकट्यानं उघडेल त्याच्याशी दुसऱ्यानं बोलायचं नाही. ते मी एकट्यानं उघडलं. आता तू माझ्याशी बोलणार की नाही हे मला माहीत नाही, आणि हे पत्र त्याचसाठी आहे. पण ते कसं घडलं ते आधी ऐकून घे, कारण माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

तू लासूर स्टेशनला गेल्यापासून तीन वर्षं कॉम्प्युटर जुन्या चादरीखाली होता. चैत्रात धूळ पुसायला म्हणून चादर काढली आणि वाटलं, आपली माणसं तिथं रानात कशी असतील, एकदा पाहून यावं. (शाळेत कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघताना असंच व्हायचं. जरा बघून येतो म्हणायचं आणि घंटा झाली तरी परत यायचं नाही.) तिघंही उभी होती. तू ढाल-तलवारवाला, कारण नावं देताना तूच आधी स्वतःचं नाव टाकलंस. मी जादूगार, कारण कविता पाठ असलेला माणूस दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचा नसतो, असं तुझं म्हणणं. आणि ती औषधवाली, जिचं विलायती नाव आपल्या दोघांच्याही तोंडात बसेना म्हणून आपण तिला नुसतं बाई म्हणायचो. तीन वर्षांत कुणी साधी मांडीसुद्धा घातली नव्हती. मला भरून आलं.

गोकुळ फोनवर म्हणाला, बाबा, लोक हा गेम साठ तासांत संपवतात. आपल्याला चौदा वर्षं का लागली, यावर मी विचार केला. एक कारण तू आहेस. त्या देशात कुणाच्याही घरात शिरून पेटी उघडायची आणि मिळेल ते उचलायचं, अशी रीत आहे. तू पहिल्याच घरात माउस सोडून दिलास. “आप्पा, घरातली बाई समोर हुबी हाय, आन आपुन तिच्यादेखत पेटी उचकायची? शरम नाय वाटत का?” तेव्हापासून आपण कुणाच्या पेटीला हात लावला नाही. गोकुळ म्हणतो, सगळी चिलखतं त्या पेट्यांतच असतात. असतील. आपण सदऱ्यावर लढलो.

दुसरं कारण मी. चैत्रातच मला एका गुहेत चांगली लखलखीत तलवार सापडली आणि मी ती लगेच तुझ्या नावावर केली. पण नवं शस्त्र पूजेआधी चालवायचं कसं? खंडेनवमीला सहा महिने होते. ते सहा महिने तू काठीनं लढलास. लांडग्यांनी तुला किती वेळा लोळवलं ते इथं लिहीत नाही, तुझा रक्तदाब वाढेल. शेवटी बुधवारी खंडेनवमी आली. मी तलवार पडद्यावर मोठी करून ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं. (ते पुसताना पसरलं. त्यानंतर उजव्या कोपऱ्यातून येणारा प्रत्येक शत्रू कुंकू लावून आल्यासारखा दिसायचा आणि माझा हात त्याच्यावर उठेना.) आवडाबाई दारातून एवढंच म्हणाली, “विळी पुजायची राहिलीय, इकडचं झालं असलं तर या.”

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी आपण तिघं त्या शेवटच्या दाराशी पोचलो. तिथं एक म्हातारा दारवाला बसतो. तो जे बोलला ते इंग्रजीत रूक्ष होतं, म्हणून मी तिथल्या तिथं भुजंगप्रयातात बसवलं:

जिथे वाट संपे तिथे द्वार आहे
तिथे एकटा वृद्ध बैसून राहे

(दुसऱ्या ओळीतला ‘बैसून’ जरा जुना वाटेल, पण वृत्त सांभाळायचं तर इलाज नव्हता.) आत मोठं दालन आणि मधोमध एकच दगडी आसन. दारवाल्यानं विचारलं, यावर तुमच्यापैकी कोण बसणार? खाली दोनच नावं आली, शफीक आणि आप्पा; बाईचं नव्हतं. आता तूच सांग, आसन एक आणि माणसं दोन असली तर आपल्याकडं काय करतात? तू माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. मी रीतीप्रमाणं तुला मान दिला. तू बसलास, आणि पायापासून वर दगड होत गेलास. दार उघडलं. मी आणि बाई बाहेर हिरव्यागार माळावर आलो, सनई नसलेल्या लग्नासारखं काहीतरी वाजायला लागलं, आणि नावांची यादी वर सरकू लागली. निमंत्रक असतील म्हणून मी सगळी वाचली. शेवटी मशीननं माझं अभिनंदन केलं. आपण जिंकलो की हरलो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मी श्रीखंड खाल्लं नाही. आवडाबाईनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “जिता माणूस तिकडं लासूरला चहा पीत बसलाय, आन तुम्ही इथं त्याचं सुतक पाळताय?” नंतर ती बोलली नाही. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
आप्पासाहेब

ता. क. – वर मान दिला असं लिहिलंय, ते खरं नाही. डिक्शनरी मांडीवर होती. जो बसेल तो उठणार नाही, हे दारवाल्यानं तीनदा सांगितलं आणि मला तिन्ही वेळा समजलं. मी विचार करून तुझं नाव दाबलं.

ता. क. दुसरा – तीन वर्षांपूर्वी मी तुझ्या दुकानाशी आलो तर शटरवर मोबाईलच्या कव्हरांचा बोर्ड होता. शेजारचा बद्रीनाथ म्हणाला, “शफीकभाई तर सोमवारीच गेले लासूरला, तुम्हाला बोलले नाय का?” मी म्हटलं, बोलला होता, मीच विसरलो. मग तुझा फोन आला आणि आपण गुडघ्यांवर बोललो. तेव्हापासून आपण गुडघ्यांवरच बोलतो.

ता. क. तिसरा – गोकुळनं दाखवलं की दाराच्या अलीकडचा क्षण मशीननं राखून ठेवलाय. तिथं तू अजून उभा आहेस. शनिवारी ये. माउस तुझ्या हातात देतो, या खेपेला माझं नाव दाब, मी बसतो. माझी काही तक्रार नाही. फक्त दालनातून बाहेर पडण्याआधी मला सांगून जा.