लिंबाजीची रिकामी रिक्षा

...पण डबा डोक्यातच घालायची काय गरज होती, ऋतुजा? खांद्यावर चाललं असतं. लिंबाजी माझा सातवीपर्यंतचा दोस्त (सातवीच्या पुढं आम्हा दोघांनाही कुणी घेतलं न्हाई). त्याच्या डोक्यात आधीच फार जागा न्हाई, त्यात तू टाके बसवलेस.

रीत म्हणून विचारतो, तब्येत बरी असेल. मेसची आमटी अजून तशीच पातळ असेल. मी इथं वसईत खोकला सोडून बरा आहे. थोरल्या भावाचे आशीर्वाद घे. रागात असलीस तरी घे, आशीर्वाद ठेवले तर नासत न्हाईत.

तू लिहिलंस की मी तुझ्यामागं गुंड लावला. गुंड न्हाई, रक्षक. यातला फरक मला इथं येऊन कळला. मी ज्या इमारतीचा वॉचमन आहे तिथं पहिल्या मजल्यावर फिलोमिना टीचर राहतात, रिटायर, एकट्या. मी दिवसभर नुसता गेटकडं बघत बसतो हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी पुस्तकं वाचायला दिली. ख्रिस्ती लोकांच्या कादंबऱ्या, मराठीत केलेल्या. सगळ्यांत एक बाई संकटात असते आणि एक धट्टाकट्टा गडी तिला वाचवतो. पण त्याला घाई न्हाई. आधी डोळे मिटून प्रार्थना करतो, मग दार फोडतो. (तोवर मारेकरी काय करतो? थांबतो. तिथं वाईट माणसंसुद्धा रीतीची असतात.) प्रेम पहिल्या पानापासून असतं, पण हात हातात येतो तो शेवटच्या पानावर, तोही पाद्र्यासमोर. आबांना वाचून दाखवता येतील इतकी साफ पुस्तकं.

त्यात डॅनियल नावाचा गडी आहे. त्याचा नेम असा की जिला राखायचं तिला कळता कामा नये. हे मी वाचलं त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो आणि खोलीकडच्या गल्लीत दिवे नसतात. मी इतक्या लांब बसून काय करायचं होतं, सांग. लिंबाजी लातुरात, रिक्षा त्याची. एसटीडीवरून त्याला सांगितलं, मागं राहा, बोलू नको, कुणाला बसवू नको.

चूक झाली ती इथं, आणि ती माझी न्हाई, डॅनियलची. त्याच्या गावात रिकामी गाडी हळूहळू गेली तर कुणी बघत न्हाई. आपल्या लातुरात क्लास सुटायच्या वेळी रिक्षात मागं सहा पोरं आणि ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना दोन. अशात एक रिक्षा रिकामी, लोक हात करून राहिलेत, ड्रायव्हर मान हलवून न्हाई म्हणतोय आणि एका पोरीमागं बैलगाडीच्या चालीनं चाललाय. त्यात लिंबाजी भाविक. डॅनियल आधी प्रार्थना करतो असं मीच सांगितलेलं, म्हणून हा तुझ्याकडं बघत ओठ हलवायचा. (शपथेवर सांगतो, मारुतीरायाचं नाव घेत होता.)

तिसऱ्या दिवशी तू वळून डबा घातलास. पडता पडता तो म्हणाला, "अक्का, मला तुझ्या ज्ञानोबादादानं पाठवलंय." तू म्हणालीस, "मग हा त्याच्या वाटणीचा," आणि दुसऱ्यांदा घातलास.

इथवर घरातली गोष्ट होती. पण तुझ्या घरमालकीण उमादेवी काकूंनी किल्लारीला फोन केला, की पोरीमागं माणूस लागलाय. आबांचं तुला माहीत आहे. भूकंपाला दहा वर्षं झाली, सरकारी नवं घर झालं, तरी ते अंगणात पत्र्याखालीच झोपतात, स्लॅबवर विश्वास न्हाई. तुला लातुरात तिसऱ्या मजल्यावर ठेवायला त्यांना हो म्हणवताना आयचं अर्धं वर्ष गेलं. आता म्हणून राहिलेत, बारावी गावात बसूनही होते, रविवारी पोरीला घेऊन येतो. आणि तू मला लिहितेस, आबांना खरं सांग, न्हाईतर माझं डॉक्टर होणं तुझ्या गुंडानं खाल्लं असं समज.

मी टीचरना विचारलं, अशा वेळी डॅनियल काय करतो. त्या म्हणाल्या, "अरे, शेवटी त्यालाच कोण सोडवतं ते वाचलंस का?" बघितलं. गोदामात डॅनियलच बांधलेला, आणि ती बाई लोखंडी कंदील हाणून मारेकऱ्याला आडवा करते. ते पान मी प्रार्थना समजून ओलांडलं होतं. (मी प्रार्थना ओलांडतो हे टीचरना कळायला नको.)

तरी माझं म्हणणं एकच, राखणारं कुणीतरी लागतंच. आबांना मी काही सांगणार न्हाई, सांगितलं तर थोरल्याची किंमत काय राहिली. तूच समजावून सांग. मी इकडून डॅनियलसारखे डोळे मिटतो.

तुझा दुखावलेला राखणदार,
ज्ञानोबादादा

ता. क. वरचं सोमवारी लिहिलं. काल गावात शेजारच्यांकडं फोन लावून आबांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "दोन्ही वेळा डोक्यातच बसला?" म्हणलं, हाव. "मग राहू दे तिला तिथंच." पुढं मला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं न्हाई. रविवारी येत न्हाईत.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. लिंबाजी म्हणतो, डबा चेपून झाकण बसेना झालंय. नवा घे. स्टीलचा, कडीवाला, हाताला जड लागेल असा. मनीऑर्डरनं तीनशे चाळीस रुपये पाठवून राहिलोय.