सर्व्हर युरोपवरच राहू दे

मनाली,

तुझ्या गेमचा सर्व्हर मी मुंबईवरून युरोपवर केलाय, तो परत बदलू नकोस. ताई जर्मनीतून तिथेच खेळते. आपल्याला तो लांब पडतो. मी बटण दाबतो, माझा गडी सावकाश उडी मारतो, तोवर मेलेला असतो.

काल माईक बंद ठेवून तुझ्या नावाने खेळत होतो. ताई हसायलाच लागली. म्हणाली, "पप्पा, तुम्हीच ना? मनाली एवढ्या लवकर मरत नाही." लग्नानंतर पहिल्यांदाच पप्पा म्हणाली. मग माईक सुरू केला.

मी पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर जातोय. वरणाला फोडणी तेवढी दे.

संध्याकाळी टीमला चार जण लागतात, आपण तिघंच आहोत. जावईबापूंनाही यायला सांग.

पप्पा