चालत्या जमिनीचं नाव

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
वेळ मुद्दाम लिहिते. या मिनिटाला नगरपालिकेचे अभियंते मला भर ऑफिसात म्हणाले, "आजी, गोष्ट छान आहे हं!"
गोष्ट! मी काय कापूसकोंड्याची गोष्ट सांगायला जिने चढून गेले होते? ओढ्यावरच्या उतारावर नवी बालवाडी बांधताहेत. त्या उताराला आमच्या भाषेत नाव आहे. अर्थ – चालती जमीन. आमच्या पूर्वजांनी नावं हौसेने नाही ठेवली. कुठे काय होतं, ते पुढच्यांना कळावं म्हणून ठेवली.
साहेबांनी नकाशा उलगडला. "बघा, 'निनावी उतार'. नावच नाही!"
कागदाला माहीत नाही, म्हणजे नाव नाही. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले मी, आणि हे उंटावरचे शहाणे मला नकाशा वाचायला शिकवतात.
वर म्हणे, "उद्घाटनाला तुमच्या भाषेत एखादं गाणं म्हणा ना!"
म्हणते हो. ताल जमीन धरेलच.

बुधवार, ५ मार्च
धाकट्या बहिणीला सांगितलं. तिची नात पुढच्या सत्रापासून त्याच बालवाडीत जायची आहे. धाकटीने आधी विचारलं काय – "ताई, तिथे उभी राहून नाव नाही ना घेतलंस?"
नाही गं बाई. उतारावर उभं राहून त्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमचा नेम. झोपलेल्याला नावाने हाक मारली की तो उठतो. जुन्या मोजणीवाल्यांनी मात्र नेमकं तिथेच उभं राहून विचारलं, "याला काय म्हणता?" आमची माणसं मुकाट. यांनी लिहिलं, निनावी. घरी येऊन पाणी मागितलं असतं, तर नाव फुकट मिळालं असतं.

शुक्रवार, ७ मार्च
परवा रोवलेले कुंपणाचे खांब आज ओढ्याकडे झुकलेत. अभियंते म्हणाले, "मजूर कामचुकार."
जमीन मात्र भलतीच कामसू!

रविवार, ९ मार्च
धाकटी नातीला घेऊन आली होती. पोरगी आमच्या भाषेत बडबडत होती – मोठ्याने, न घाबरता. मी तिच्याएवढी असताना कॉन्व्हेंट शाळेत हे शब्द तोंडातून निघाले की सिस्टर घंटा होईपर्यंत दातांत खडू धरायला लावायच्या. इंग्रजी उत्तम झालं. गप्प बसणं त्याहून उत्तम!
धाकटी म्हणाली, "तू एवढी शिकलेली, ताई. तुझं तरी ऐकतील."
मी चहा टाकायला उठले.

सोमवार, १० मार्च
अर्ज दिला, पोच घेतली. शेवटचा परिच्छेद इथे उतरवते –
'नकाशावरचं "निनावी" हे अक्षर माझं आहे. मंगळवारी पाहताक्षणी ओळखलं. तेव्हा मी बावीस वर्षांची, खात्यात नवी. नाव मला माहीत होतं. मी उतारावर नव्हते, टेबलाशी होते; घ्यायला कसलीच आडकाठी नव्हती. मी कोणत्या लोकांतली, हे तेव्हाच्या साहेबांना कळू नये म्हणून घेतलं नाही. खोट्या नोंदीबद्दल माझ्यावर काय करायचं ते करा. काम थांबवलं की नाही, त्याचं लेखी उत्तर शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत द्या.'