माझ्याकडेही होतंय

४ नोव्हेंबर, मंगळवार

खोटा बग टाकला. मीच. कबूल.

ताईचीच चूक. तीन दिवस आईजवळ माझं पुराण लावलं होतं — राजरत्न बारावीला परत बसत नाही, राजरत्न दिवसभर उल्हासनगरला त्या दिपेशच्या दुकानात पडलेला असतो. म्हटलं थांब.

ताई म्हणजे अस्मिता. घरातली एकटी हुशार. बी.एस्सी. आयटी झाली आणि आता बार्बेट नावाच्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजसाठी राबते. फुकट! नाव ऐकून मला आधी सलून वाटलेलं. ती कोणा एका कंपनीची नाही, जगभरातली माणसं मिळून चालवतात. कोणाला काही बिघडलेलं दिसलं की साइटवर लिहायचं — काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. मग ताईसारखे चार-पाच जण तेच आपल्या मशीनवर चालवून बघतात. झालं तर लिहितात, "माझ्याकडेही होतंय." लेबल लागतं — कन्फर्म. मग दुरुस्तीवाले हात लावतात. नाही झालं तर बग बंद.

तर मी अकाउंट काढलं. नाव हिंदुराव. रिटायर माणूस, वांगणीला फुलझाडांची नर्सरी, फवारणीच्या तारखा काढायला बार्बेट वापरतो! लिहिलं — ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की प्रोग्रॅम अडकतो, हलतच नाही. सगळं मनचं. वडापाव खाता खाता. इंग्लिश मोबाईलकडून करून घेतलं, मग दोन-तीन स्पेलिंगं बिघडवली, म्हातारा वाटावा म्हणून.

आता ताई शोधत बसेल, डोकं फोडेल. मग जेवताना सांगणार.

५ नोव्हेंबर

काय??

ताईने खाली लिहिलंय — "माझ्याकडेही होतंय. इतकं स्वच्छ लिहिल्याबद्दल आभार." लेबल, कन्फर्म.

जे नाहीच, ते हिच्याकडे कसं होतंय?

६ नोव्हेंबर

झोप नीट नाही.

संशय पहिला — तिला कळलंय मीच आहे, आणि ती मला खेळवतेय. टेस्ट घेतली. जेवताना आईला म्हटलं, वांगणीला एक नर्सरी आहे म्हणे, मोगरा आणूया का. बोलताना ताईकडे तिरकं बघत होतो. ताई म्हणाली इथे कपडे वाळत घालायला जागा नाही, मोगरा काय माझ्या डोक्यावर लावणार. आणि चटणी मागितली. चेहरा एकदम साफ.

संशय दुसरा — बग खरंच असेल. माझ्या वडापावातून निघालेला? हॅट.

संशय तिसरा — ताई खोटं बोलली. हे तर अशक्य. भाजीवाल्याने चुकून जास्त कोथिंबीर टाकली तर परत द्यायला मला खाली पाठवणारी बाई आहे ही. आणि आमच्या अंबरनाथच्या, चिखलोलीतल्या बिल्डिंगची लिफ्ट कायम बंद!

८ नोव्हेंबर

दिपेशच्या दुकानात गेलो, उल्हासनगरला कॅम्प तीनमधे. दिपेश तिथे कामाला. कॉम्प्युटरचे पार्ट विकतात. त्याचा सिंधी सेठ माल आणायला गेला होता, तेवढ्यात काउंटरच्या पीसीवर बार्बेट टाकलं. हिंदुरावांनी लिहिलंय तस्संच चालवलं. एका सेकंदात उत्तर, २८ फेब्रुवारी. अडकलं वगैरे काही नाही. दहा वेळा केलं.

दिपेश हसला. "भाई, तेरी दीदी तो तुझसे बडी फेकू निकली."

त्याच्या पाठीत एक घातली. पण रिक्षात बसल्यावर तेच डोक्यात.

९ नोव्हेंबर, रविवार

विहारात गेलो सगळे. आई आमच्या दोघांच्या मधे. पंचशील चालू झालं. चौथं शील आलं — मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही — तेव्हा मी खोकलो. नेहमी खोकतो तिथे. पण आज कान ताईकडे होते. पहिली तीन खणखणीत म्हणाली. चौथ्याला तिचा आवाज खाली गेला. पाचव्याला परत वर!

कायतरी लोचा आहे.

११ नोव्हेंबर

पाळत ठेवतोय. नोंदी —

लॅपटॉप घेऊन भिंतीला पाठ लावून बसते. मी जवळ गेलो की झाकण खाली.

लॅपटॉपचा पंखा पूर्वी गिरणीसारखा वाजायचा. आता चिडीचूप.

चार्जर शोकेसमधे गुंडाळून ठेवलेला. काल पण तिथेच. आज पण.

मग चालतो कशावर, हवेवर?

१२ नोव्हेंबर

ताई आंघोळीला गेली. उघडला.

मेलेला आहे. बटण दाबलं, चार्जर लावला, उलटा करून थोपटला. काळा ठिक्कर.

संध्याकाळी पाणी पिण्याच्या निमित्ताने तिच्या बाजूने गेलो आणि डोकावलो. बंद लॅपटॉप उघडून समोर ठेवलेला. आतल्या बाजूला मोबाईल टेकवलेला. बोटं कीबोर्डवर चालतायत — टकटक टकटक — पप्पांना बाहेर ऐकू जावी म्हणून. मग थांबते, मोबाईल उचलते, वाचते, वाचते, वाचतच बसते.

मोबाईलवर बार्बेट चालत नाही. म्हणजे ती चालवून बघतच नाही! नुसता आतला कोड वाचते, मनात चालवते, आणि लिहिते — माझ्याकडेही होतंय.

पप्पांना का नाही सांगत ते मला कळतं. मोरिवलीच्या कंपनीत डबल शिफ्ट करून आणलाय त्यांनी तो. पाहुणा आला की आधी लॅपटॉप दाखवतात, मग पाणी विचारतात.

च्यायला. हसायला येईल वाटलेलं. नाही आलं.

१३ नोव्हेंबर

वाट लागली.

बार्बेटची मुख्य बाई आहे इंग्रिड. तिने माझ्या बगखाली लिहिलंय — मी चार मशीनवर बघितलं, कुठेच होत नाही. अस्मिता, तुझ्याकडे झालं म्हणतेस तर स्क्रीनवर काय आलं ते जोड.

आता हे असं आहे. बार्बेटवाले दरवर्षी तीन जणांना वर्षभर पगारावर घेतात. घरी बसून काम. ताई शेवटच्या पाचात आहे. पंचवीस तारखेला नावं लागणार. पप्पांनी कंपनीच्या कँटीनमधे आधीच सांगून टाकलंय.

हिंदुराव मागे हटले — माफ करा, माझीच चूक — तर ताईला कसं झालं? ती खोटी ठरते. हिंदुराव गप्प बसले, तर ताई दाखवणार काय? तरी खोटीच ठरते. गेलं ते पगाराचं काम.

आणि खड्डा खणला मी.

१४ नोव्हेंबर

आई म्हणाली तू आज शहाण्यासारखा का वागतोयस, ताप आहे का.

१५ नोव्हेंबर

हिंदुरावांना मेल आला. ताईचा. मराठीत.

"काका नमस्कार, मी अंबरनाथची, तुमच्या शेजारचीच. एक खरं सांगते. तुमचा बग मी चालवून बघितला नाही. लॅपटॉप सप्टेंबरमधे गेला, घरी सांगितलेलं नाही. तुमचं वाचलं, तारखांचा कोड वाचला. तिथे एक जागा आहे, आकडा विचित्र आला तर मोजणी संपणारच नाही असं मला दिसतं. म्हणून होतंय लिहून टाकलं. तुमच्याकडे खरंच होतं ना? स्क्रीनचा फोटो पाठवाल का?"

ट्रॅप! ही मला पकडतेय. मी पुढचा अर्धा तास तिच्यासमोर मुद्दाम मोबाईल चाळत बसलो, बघू काय करते. ती खिडकीत उभी होती. मोबाईल सारखा उघडून बघत होती, मेल आला का. नखं खात होती. ताई नखं खात नाही.

ट्रॅप नाही.

उत्तर दिलं — "होते. दोन दिवसांत पाठवतो. चिंता करू नये. हिंदुराव." 'नये' मुद्दाम लिहिलं.

पाठवणार काय, माझं डोंबल?

१६ नोव्हेंबर

खोटा फोटो बनवायला घेतला होता. दिपेश म्हणाला, वो लोग पकड लेंगे, तेरे जैसे नहीं हैं. बरोबर आहे.

मग एकच रस्ता. बग खरा पाहिजे.

१७ नोव्हेंबर

सकाळपासून दिपेशच्या दुकानात. आकडा विचित्र आला तर — ताईने लिहिलंय. म्हटलं विचित्रपणा हा आपला विषय. ३० फेब्रुवारी टाकली. तेरावा महिना टाकला. शून्य तारीख, वजा तारीख, तारखेच्या जागी दिपेशचं नाव. प्रत्येक वेळी बार्बेट शांतपणे सांगतो, ही तारीख चालणार नाही. मास्तर साला.

सेठ आला, म्हणाला, "पुट, बेटा, ये तारीख पे तारीख क्या लगाके बैठा है, बिल बना." दिपेश घाबरून बिल करायला लागला. मग गिऱ्हाइकाला मराठीत मेसेज टाइप केला. मग मी परत बसलो आणि घाईत तारीख टाइप केली, तर स्क्रीनवर ३१ मराठीत उमटलं. कीबोर्ड मराठीतच राहिला होता. खोडणार होतो. दिपेशने मागून हात घालून एंटर मारला.

थांबलं.

म्हणजे सगळंच थांबलं. पंखा ओरडायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, उत्तर नाही. बंद करून परत — इंग्लिश आकड्यांत टाकलं, लगेच २८ फेब्रुवारी. मराठी आकड्यांत टाकलं, मेलं.

दिपेश माझ्याकडे बघतच राहिला. "भाई... तू तो सच्चा निकला."

अंगावर काटा आला. खरंच.

१८ नोव्हेंबर

हिंदुरावांनी फोटो जोडला. लिहिलं — मी म्हातारा माणूस, आकडे मराठीतच टाकतो, सवय आहे. तुम्ही इंग्लिशमधे टाकून बघत असाल, म्हणून होत नसेल. हे आधी लिहायला पाहिजे होतं, राहिलं, क्षमा असावी.

इंग्रिडने एका तासात लिहिलं — माझ्याकडेही होतंय!!

दोन उद्गारचिन्हं. त्या बाईने आजपर्यंत एक पण वापरलेलं नाही, मी तिचं जुनं सगळं वाचलंय.

२० नोव्हेंबर

ताईने दुरुस्ती लिहिली. मोबाईलवर! साइटवर समजावलंय पण — बार्बेटला मराठी ३ हा आकडा आहे हे कळतं, पण किती ते कळत नाही. काहीतरी भलतीच मोठी तारीख धरतो आणि महिने मोजत सुटतो. मराठी, बंगाली, अरबी, सगळ्यांचंच अडत होतं. चार ओळी बदलल्या. इंग्रिडने घेतल्या. लेबल — रिझॉल्व्ड.

ताई भांडी घासताना गुणगुणत होती. मी पुसायला घेतली. तिने वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "काय पाहिजे तुला?" काही नाही म्हटलं तर अजूनच डोळे बारीक केले. आता हिला माझा संशय!

आपण खूश. चोरावर मोर होऊन शेवटी सगळ्यांचं भलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

विहारात चौथ्या शीलाला ताईचा आवाज खणखणीत. घरी येऊन साइट उघडली.

रिझॉल्व्ड बगच्या खाली, सगळ्या जगासमोर, ताईने लिहिलंय — "हा बग मी चालवून बघितला नव्हता. माझं मशीन सप्टेंबरपासून बंद आहे. तेव्हापासून मी जिथे जिथे 'माझ्याकडेही होतंय' लिहिलं, ते सगळं पुन्हा तपासावं. माफ करा."

कोणी सांगितलेलं हिला? बग खरा निघाला, दुरुस्त झाला, इंग्रिड खूश, कोणी विचारत पण नव्हतं! दोन दिवस थांबली असती तर नाव लागलं असतं!

नाही. हे आपणहून नाही. कोणीतरी फोडलंय. कोणीतरी हिला धमकी दिली.

२४ नोव्हेंबर

दिपेशची कॉलर धरली. तूच बोललास ना? म्हणाला तेरी दीदी का नंबर भी नहीं है मेरे पास. फोन हिसकावून बघितला. खरंच नाही. आता तो माझ्याशी बोलत नाही.

मग इंग्रिड? तिला वास आला असेल. तिच्या सगळ्या कमेंट परत वाचल्या. काहीच नाही.

ताईने पप्पांना पण सांगितलं, लॅपटॉपचं. पप्पांनी लॅपटॉप पुसला, पिशवीत घातला, परत काढून शोकेसवर ठेवला.

२५ नोव्हेंबर

नावं लागली. तीन. ताई नाही.

इंग्रिडने लिहिलंय, तुझे कन्फर्म आम्ही परत तपासतोय, आतापर्यंत सगळे बरोबर निघाले. पण जे बघितलं नाही ते बघितलं म्हणालीस. यावर्षी नाही.

ताई जेवली. पप्पा नाही जेवले.

कोण आहे तो, ज्याने हिला हे करायला लावलं? मला सापडू दे फक्त.

२६ नोव्हेंबर

सापडला.

हिंदुरावांना मेल — "काका, निवड झाली नाही, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळेच मला खरं बोलता आलं. आकडे मराठीत टाकायचे सांगायचं राहिलं म्हणून तुम्ही क्षमा मागितलीत. एवढ्याशा गोष्टीची! आणि त्याच पानावर माझं खोटं. तुमच्या नावाखाली ते मला बघवेना. पुढच्या वर्षी परत प्रयत्न करीन. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून."

हे वाचणारा तू जो कोण असशील, तुझ्या पाया पडतो. कोणाला सांगू नको. आईला सांग, पप्पांना सांग, मला मार खाऊ दे. ताईला नको. हिंदुराव नाहीतच हे तिला कळलं तर तिचं वर्ष कशासाठी गेलं?

तिला सांगू नको.