हलवता येण्याजोगे घर

चाचा, गेल्या आठवड्यात कामानिमित्त शुवैखला गेलो होतो. आपल्या खोपटांची जागा शोधून पाहिली, सापडली नाही. तीन गोदामे आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजांची एक रांग यांच्या मध्ये कुठेतरी ती असावी. नेमकी कुठे हे सांगता येत नाही, आणि जे नेमके सांगता येत नाही ते सांगू नये ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्या सवयीबद्दलच लिहायचे आहे. मी आता त्रेपन्न वर्षांचा आहे, म्हणजे तुम्ही तेव्हा होता त्याहून दोन वर्षांनी मोठा. तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

मुंबईच्या बोटीतून आखातातल्या या बंदरावर उतरलो तेव्हा माझ्यापाशी बी.कॉम.चे प्रमाणपत्र होते, एका कंत्राटदाराच्या कचेरीतली तात्पुरती कारकुनी होती आणि राहायला जागा नव्हती. तुम्ही धक्क्यावर सुतारकाम करत होता. हमालाशी चाललेली माझी मोडकी हिंदी ऐकून तुम्ही रंधा थांबवलात. "कुठला रं तू?" मी म्हणालो, साताऱ्याचा. "म्हंजे पोहता येत नसंल. चल." एवढ्या चौकशीवर तुम्ही मला घरात घेतलेत. घर म्हणजे यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांचे खोपट. माझ्या उशाशी कुठल्याशा कारखान्याचे नाव उलटे छापलेले होते आणि पहिला महिनाभर मी ते मान वाकडी करून वाचत असे. अशी नऊ खोपटे होती, सगळी तुम्ही बांधलेली, सगळ्यांत तुमच्या रत्नागिरीकडची माणसे. माझे वरण तुम्ही वेगळ्या भांड्यात शिजवत होता आणि मासळीचा डाव चुकूनही त्याला लागू देत नव्हता. मी तसे कधी मागितले नव्हते. "बीकॉमचं भांडं हाय, हात लावू नको," असे तुम्ही इतरांना दटावत होता, आणि सगळे हसत.

तुम्ही मला माप शिकवलेत. एकदा फळीची लांबी विचारलीत आणि मी म्हणालो, सुमारे चार हात. तुम्ही हातातली करवत खाली ठेवलीत. "सुमारे म्हंजे किती? सुमारे मापलेल्या होडीत तू बसशील काय? मी तर नाय बसणार." त्यानंतर मी तुमच्यासमोर 'सुमारे' हा शब्द उच्चारला नाही. कचेरीत माझ्या अचूकपणाचे कौतुक होई. तो मी कॉलेजात नव्हे, तुमच्या खोपटात शिकलो, हे तिथे कुणाला माहीत नव्हते.

तुमची खोपटेही होडीसारखी होती. तळाला दोन जाड वासे, त्यांवर बरगड्यांसारखी चौकट, आणि जमिनीत एकही खांब नाही. मी कारण विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "खांब पुरला की कुजतो. आनि जमीन काय आपल्या बापाची हाय?" धक्क्याची माणसे 'इथून सरका' म्हणाली की नऊही घरांतली माणसे दोर लावत, खाली ओंडके घालत, आणि पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर होडी ओढून घ्यावी तसे एकेक खोपट आरोळ्या ठोकत पुढे नेत. तुमच्या गावी ज्याची होडी असेल त्याने ओढणाऱ्यांना चहा द्यायचा. तो रिवाज तुम्ही वाळवंटातही मोडला नाहीत.

पण दोन वर्षे तुमच्या मनात सरकणे नव्हते, स्थिर होणे होते. चाचींना आणायचे होते. तुमच्या कफीलाने, म्हणजे ज्याच्या जामिनावर तुम्ही इथे राहत होता त्या अरब मालकाने, कागदावर सही द्यायचे कबूल केले होते; अट एकच, राहण्याचा पक्का पत्ता दाखव. म्हणून बंदराच्या वाढीसाठी ती जमीन मोकळी करणार आणि तिथल्या रहिवाशांना फरवानियाच्या बाजूला पर्यायी जागा देणार, अशी बातमी आली तेव्हा सगळे खोपट सोडायच्या दुःखात होते आणि तुम्ही एकटे खुशीत होता. "भिंत घालीन मी. मातीची घालीन, पन भिंत. तिला सांगितलंय मी, चूल मांडायला ये."

पर्यायी जागा कुणाला द्यायची याचा नियम एका मंगळवारी टंकलेखनासाठी माझ्याकडे आला. आमच्या कचेरीने पाहणीचे काम घेतले होते. मजकूर छोटा होता: ज्यांचे बांधकाम जमिनीत रोवलेले आहे त्यांना पर्यायी जागा, हलवता येण्याजोगी वस्तू तिच्या मालकाने पंधरा दिवसांत उचलून न्यावी. मी तीन प्रती काढल्या. कागदावर त्या नियमात क्रूर असे काही नव्हते. घर कोणते आणि सामान कोणते हे ठरवण्यासाठी कुणीतरी खांब ही खूण निवडली होती, इतकेच. संध्याकाळी तुमच्या हातचे वरण जेवलो. तुम्ही विचारलेत, "उद्या साहेब काय इचारतील रं?" मी म्हणालो, जे असेल ते खरे सांगा.

बुधवारची सकाळ. पाहणी करणारे साहेब गाडीतून उतरतात, मी तक्ता घेऊन मागे. ते इंग्रजीत विचारतात आणि मी तुम्हाला मराठीत सांगतो: ही खोपटे जमिनीत पक्की केलेली आहेत का? तुम्ही हसता. "पक्की? बीकॉम, सांग साहेबाला, वाळूत रुतून बसली होडी म्हंजे सुताराची बेअब्रू. थांब, दाखवतोच." मी भाषांतर करायला हवे होते, त्याऐवजी मी उभा राहतो. तुम्ही हाक मारता, माणसे दोर लावतात, आरोळी उठते, आणि तुमचे खोपट, आत स्टोव्हवर चहा उकळत असताना, दहा फूट पुढे जाते. तुम्ही आत जाऊन भांडे बाहेर आणता. एक थेंब सांडलेला नाही. साहेब टाळ्या वाजवतात. तुम्ही पहिला कप त्यांना देता, दुसरा मला. मी कप वाळूत ठेवतो आणि नऊ ओळींत एकच शब्द लिहितो: हलवता येण्याजोगे. शब्द बिनचूक होता. तक्त्यात किती वर्षे राहता यासाठी रकाना नव्हता, पण शेऱ्यासाठी होता. तो मी नऊही ओळींत रिकामा सोडला.

पलीकडच्या वस्तीत पत्रे लावून चार वेडेवाकडे खांब पुरलेल्यांना जागा मिळाल्या. तुम्हाला नोटीस मिळाली. खोपटे ओढून नेली, तिथून उठवले, पुन्हा ओढली. तिसऱ्या खेपेस तळाचे वासे तडकले. एका शुक्रवारी मी दुपारी जेवायला आलो होतो, तेव्हा तुमच्या शेजारचा भंडारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या बीकॉमनंच लिवलं, चाचा." तुम्ही ताट खाली ठेवलेत. "खरं हाय तेच लिवलं. आनि नियम त्याला ठाऊक असता तर त्यानं सांगितलं नसतं? माझ्या चुलीवरचं खातो तो." मी मीठ मागितले.

चाची आल्या नाहीत. तुम्ही फरवानियात सहा जणांच्या खोलीत एका खाटेवर दीड वर्ष काढलेत, मग छातीच्या दुखण्याने गावी गेलात, आणि पुढच्या वर्षी तुमच्या मुलाचे चार ओळींचे पत्र आले.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. चाचीही आता नाहीत, आणि तुमच्या मुलावर हे लादण्याचा मला अधिकार नाही. नियम मला ठाऊक होता, हे तुम्हाला कधी सांगितले नाही. कचेरीतली गोष्ट बाहेर फोडायची नाही या तत्त्वासाठी मी गप्प राहिलो, असे इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. ते अचूक नाही. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि कायम झालेल्या कारकुनाला कंपनीच्या इमारतीत खोली मिळत असे. विटांच्या भिंती, छताला पंखा. मला ती खोली हवी होती, चाचा.