भिंतीलगतची खुर्ची

४ मार्च
आज सरांची दाढी केली! भर अंगणात, सगळ्यांसमोर!
संस्थेत माझं काम खुर्च्या मांडायचं, पडदा लावायचं, चहा द्यायचं. सर शिकवतात — बाजार मोकळा सोडला की माणूस कसा वर येतो ते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी अंगणात मुलांचा बाजार भरतो. पाटी होती — कोणीही मांडा, कोणाला विचारू नका. मला वाटलं, कोणीही म्हणजे मीही. घरचा धंदा न्हाव्याचाच; पिशवीतला कात्री-वस्तरा काढला, झाडाखाली खुर्ची टाकली. बघता बघता रांग! मुलांच्या मेणबत्त्या तशाच पडून. एकीने नाक मुरडलं, "हा तर चहावाला!" तेवढ्यात सर आले आणि स्वतःच खुर्चीत बसले. "मी वर्षभर घसा फोडतोय, ते याने करून दाखवलं."
जाताना म्हणाले, "नोकरी कसली करतोस? गेटबाहेर भिंतीला लागून बस. मी आहे ना!"

५ मार्च
दादाचा फोन. "डोकं फिरलंय का तुझं? आपल्या दुकानात तुझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीय. येणार नसशील तर मेहुण्याला बसवतो." म्हटलं, बसव. इथे सर आहेत. "सर तुझे कोण लागतात रे?"
नोकरी सोडली.

१२ मार्च
धंदा झकास. मुलं येतात, कुरियरवाले येतात. वॉचमनकाकांची दाढी फुकट, ते पाणी आणून देतात. धूळ डोळ्यात जाते — पण खुर्ची माझी!
कोपऱ्यावरचा सलूनवाला दारात उभा राहून टक लावून बघतो. गाळा संस्थेचा, भाडंही संस्थेलाच देतो. सर वर्गात सांगायचे, स्पर्धेला घाबरतो तो दुकानदारच नव्हे. मी त्याला हात केला. त्याने तोंड फिरवलं.

१९ मार्च
खुर्ची उचलायला लावली. काका मान खाली घालून म्हणाले, "वरून आलंय रे पोरा." वरून म्हणजे कोणाकडून? "तुझ्या सरांकडूनच."
तडक वर गेलो. वर्ग चालू होता. दाराबाहेर उभा राहून ऐकत राहिलो. तेच सगळं — मोकळं सोडा, अडवणारे तुम्ही कोण! सर बाहेर आले ते मोबाइलमध्ये बघतच. "सलूनवाला गाळा सोडतो म्हणतोय. समजून घे. प्रश्न तत्त्वाचा नाही रे, जागेचा आहे."
"तुम्हीच बसवलंत मला."
"बस म्हणालो. कुठेही बस की! जग काय लहान आहे?"
याच माणसाच्या गळ्यावर माझा वस्तरा फिरला होता. किती जपून दाढी केली होती! साधा ओरखडा नाही.

२० मार्च
दादाला फोन केला. मेहुणा बसायला लागलाय. बरा हात आहे म्हणे त्याचा.

२ एप्रिल
सलूनवाल्यानेच बोलावून घेतलं. "हात साफ आहे तुझा. दुसरी खुर्ची घे." घेतली. काय करणार? पंखा आहे, आरसा आहे.
सर येतात. मालकाच्या खुर्चीत बसतात, आरशातून माझ्याकडे बघून हसतात. मी झाडू मारत राहतो.

९ एप्रिल
भिंतीलगत आज एक म्हातारा येऊन बसला. हातात कात्री, समोर स्टूल. माझीच जागा! आमची दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली. मालक बाहेर गेलेला. काका मला विचारायला आले, "काय करू रे?"
म्हटलं, "उठवा त्याला. प्रश्न तत्त्वाचा नाही काका, जागेचा आहे."